फतवा, फडकं आणि नौरोज

इराणच्या सौर पंचांगातला शेवटचा महिना इस्फंद. आपल्या कॅलेंडरवर तो वीस फेब्रुवारीच्या सुमारास लागतो आणि वीस-एकवीस मार्चला संपतो. या महिन्यात तेहरानच्या साध्या वस्तीतल्या गल्लीतून जायचं तर वर बघत चाललेलं बरं, कारण डोक्यावर कुठून पाणी पडेल याचा नेम नसतो. तिसऱ्या मजल्यावर कुणी खिडकीच्या चौकटीत उभं राहून काचा पुसत असतं. शेजारच्या गॅलरीच्या कठड्यावर गालिचा टाकलेला असतो आणि त्याच्यावर काठीचे रट्टे बसत असतात. रस्त्यात गालिचे धुणाऱ्या कारखान्याचा टेम्पो अर्धी वाट अडवून उभा असतो. दोन पोरं खांद्यावर गुंडाळी टाकून जिना उतरतात आणि मागून घरची बाई ओरडून सांगते की पावतीवर नंबर नीट लिहा, मागच्या वर्षी दुसऱ्याचा आला होता.

या सगळ्या धांदलीचं नाव खाने-तकानी, म्हणजे घर झटकणं. नौरोजच्या आत, म्हणजे सूर्य विषुववृत्तावर येऊन दिवस-रात्र सारखे होण्याच्या आत, ते आटपायचं असतं. ही वेळ ज्योतिर्गणितानं काढलेली असते, अगदी मिनिट-सेकंदासकट. 2025 साली तेहरानच्या घड्याळात 20 मार्चला दुपारी 12 वाजून 31 मिनिटांनी वर्ष पालटलं. आपल्याकडे मुहूर्त थोडा पुढे-मागे चालतो. इराणात वर्ष पहाटे तीनला पालटणार असेल तर माणसं पहाटे तीनला नवे कपडे घालून बसतात. त्यामुळे राहिलेलं काम ‘उद्या सकाळी बघू’ म्हणायची सोय नाही.

खरं तर हा सण केव्हाच मोडीत निघायला हवा होता. सातव्या शतकात अरबांनी सासानी साम्राज्य जिंकलं आणि पुढच्या काही शतकांत इराण मुसलमान झाला. नौरोज हा जुन्या, अग्नीपुढे उभं राहणाऱ्या लोकांचा सण. नव्या धर्माच्या कर्मठांना तो खुपणं साहजिकच होतं. तूसचा अल-गझाली हा इस्लामी विचारपरंपरेतला फार मोठा माणूस. त्याचा मृत्यू 1111 सालचा. ‘कीमिया-ए-सआदत’ या फारसी ग्रंथात त्यानं बाजारातल्या गैरप्रकारांची यादी दिली आहे. नौरोजसाठी विकल्या जाणाऱ्या लाकडी ढाली-तलवारी आणि सदे या सणाची मातीची पिपाण्यांसारखी खेळणी त्या यादीत आहेत. या सणांचं इतकं विस्मरण व्हावं की कुणी नावही घेऊ नये, असं त्याचं म्हणणं. सदे बराचसा विसरला गेला. आज तो मुख्यतः इराणमधले थोडे उरलेले झरथुष्ट्री लोक पाळतात. नौरोज मात्र तसाच राहिला.

पुढे सतराव्या शतकात शिया परंपरेनं एक तडजोड केली. शिया धर्मपंडित मजलिसीच्या ‘बिहार अल-अन्वार’ या प्रचंड संग्रहात इमाम जाफर सादिक यांच्या नावावर नौरोजची थोरवी सांगणारी कथनं आहेत. 1979 च्या क्रांतीनंतर पुन्हा नाकं मुरडली गेली, पण सर्वोच्च नेते दर नौरोजला टीव्हीवरून देशाला संदेश देत राहिले. वर्षाच्या शेवटच्या बुधवारच्या आदल्या संध्याकाळी आगीवरून उड्या मारण्याच्या प्रथेला, म्हणजे चहारशंबे सूरीला, तेव्हाचे सर्वोच्च नेते खामेनी यांनी 2010 साली शरियतचा काही आधार नसल्याचं सांगितलं. उड्या थांबल्या नाहीत. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी 21 मार्च हा आंतरराष्ट्रीय नौरोज दिवस ठरवला. आगीवर बंदी घालता येते, पोलीस उभे करता येतात. आईनं माळ्यावरची बोचकी खाली काढली आहेत, त्यावर कुठला मुल्ला काय बोलणार? उलट स्वच्छता हा ईमानाचा भाग असल्याचं त्याला स्वतःलाच दर शुक्रवारी सांगावं लागतं. माझ्या मते नौरोज टिकण्याचं अर्धं श्रेय ‘शाहनामा’ रचणाऱ्या फिरदौसीचं असेल, तर उरलेलं अर्धं पाण्याच्या बादलीचं आहे. इतिहासाच्या पुस्तकांत ते कुणी लिहीत नाही, हा भाग वेगळा.

घर झटकायची गरज कुठून आली ते इराणी हिवाळा समजला की कळतं. पठारावरची थंडी कडक. गॅस आणि हीटर येण्याआधी बहुतेक घरांत एकच उबदार जागा असे, ती म्हणजे कुर्सी. मध्ये बुटकं चौकोनी लाकडी मेज, त्याखाली निखाऱ्यांची शेगडी आणि वरून चहूबाजूंनी जमिनीपर्यंत लोळणारी जाडजूड रजई. घरातली सगळी माणसं चारी बाजूंनी पाय आत घालून बसत; तिथेच जेवत, तिथेच गोष्टी सांगत, तिथेच झोपत. तीन महिने एकाच खोलीत, एकाच रजईखाली, निखाऱ्यांच्या राखेत. कोळशाचा धूर भिंतींवर बसे, रजईला सगळ्यांच्या पायांचा वास येई आणि खाली डाळिंबाच्या साली नि अक्रोडाची टरफलं सापडत. इस्फंदमध्ये ऊन तापायला लागलं की ही कुर्सी मोडायची. राख उपसायची, रजईची खोळ उसवून कापूस पिंजायला द्यायचा, भिंती झाडायच्या. वसंताचं स्वागत वगैरे काव्य नंतरचं. पहिली गरज नाकाची होती.

आपली दिवाळीची झाडझूड पावसाळ्यामागून येते. ओल, बुरशी, कपाटाच्या मागे आलेली पांढरी भुकटी हा आपला शत्रू. त्यांचा शत्रू काजळी आणि धूळ.

सगळ्यात मोठं काम गालिच्याचं. इराणी घरात खुर्च्या-टेबलं आली तरी जमिनीचा धनी गालिचाच. तो आधी पालथा घालून बडवायचा म्हणजे विणीत अडकलेली वाळू खाली गळते. ही पायरी टाळली तर पाणी लागताच आत चिखल होतो आणि मग कितीही धुवा, उपयोग नाही. त्यानंतर अंगणात किंवा गच्चीवर पसरून पाणी, साबण आणि ताठ केसांचा ब्रश. खरी मेहनत पुढे असते, पारूची. लांब दांड्याला आडवी फळी लावलेलं हे अवजार गालिच्याच्या लवेच्या दिशेनं जोर लावून ढकलत नेलं की पुढे काळपट पाण्याची लाट निघते. ती निवळ होईपर्यंत ढकलत राहायचं. उलट्या दिशेनं ढकललं तर लव कायमची विस्कटते. भिजलेला लोकरी गालिचा उचलायला चार माणसं लागतात, आणि रंग कच्चा असेल तर लाल फूल शेजारच्या पांढऱ्या पट्टीत उतरतं आणि घरात आठवडाभर अबोला चालतो.

तेहरानच्या दक्षिणेला रेय नावाचं जुनं शहर आहे. तिथे चश्मे-अली हा झरा. या पाण्यानं रंग खुलतात असा समज होता, म्हणून घरचेच नव्हेत तर व्यापाऱ्यांचेही गालिचे इथे धुतले जात आणि वरच्या खडकावर वाळत घातले जात. त्याच खडकात फतह-अली शाह या काजार राजानं एकोणिसाव्या शतकात आपलं दरबारी शिल्प कोरून घेतलं. जुन्या छायाचित्रांत महाराजांच्या लांब दाढीच्या आसपास लोकांचे ओले गालिचे लटकलेले दिसतात. राजाला आपलं वैभव चिरंतन करायचं होतं, लोकांना दोरीची जागा हवी होती.

आता बहुतेक शहरांत हे काम कारखान्यांकडे गेलं आहे. फ्लॅटमध्ये गालिचा धुवायचा तरी कुठे? पण पडदे अजून घरीच निघतात. पुण्यात कॅम्पात राहणाऱ्या एका इराणी आजींकडून मी त्यातली खुबी ऐकली. यझदजवळच्या एका झरथुष्ट्री खेड्यात त्यांचा जन्म; लग्न होऊन इकडे आल्या त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली. मराठी फर्डं बोलतात, मध्येच गुजराती येतं. ‘‘परदा कधी दोरीवर सुकवायचा नाय बाबा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘धुतला की निथळून ओलाच दांडीला लावायचा. त्याच्या वजनानं तो सरळ होतो, इस्त्री नको. आणि घरभर ओल्या कापडाचा वास सुटला ना, तर माझ्या आईला वाटायचं, नौरोज आला.’’

‘‘आणि आजी, काय टाकायचं, काय ठेवायचं, हे कोण ठरवायचं?’’

‘‘आई. बाबा फक्त विचारायचे, माझी जुनी टोपी कुठे गेली.’’

खाने-तकानीमागे आणखी एक जुना पाहुणा आहे, आणि त्याच्यामुळेच कर्मठांना ती पाखंडी वाटायला हवी होती. अवेस्तातल्या फ्रवर्दीन यश्तानुसार वर्षाच्या शेवटी दहा रात्री मृतांचे आत्मे, म्हणजे फ्रवशी, आपापल्या घरी येतात आणि आपली आठवण कोण काढतं, आपल्याला कोण काय देतं हे बघत फिरतात. घर कुबट असेल तर ते खिन्न होऊन परततात. अल-बीरूनीनं इसवी सन 1000 च्या सुमारास लिहिलेल्या ‘आसार अल-बाकिया’त या दिवसांची नोंद आहे: लोक मृतांसाठी अन्न ठेवतात आणि त्यांना सुवास मिळावा म्हणून घरात जुनिपरची धुरी देतात. म्हणजे झाडझूड जिवंतांसाठी जेवढी, तेवढीच गेलेल्यांसाठी. आपल्याला पितृपक्ष आठवेल, पण तिथे हे सणाच्याच तोंडावर येतं, रडण्यासाठी नव्हे तर एकत्र जेवण्यासाठी.

लंडनच्या प्राध्यापक मेरी बॉइस 1963-64 मध्ये यझदजवळच्या शरीफाबाद गावात झरथुष्ट्री कुटुंबात राहिल्या. त्यांच्या पुस्तकातलं सगळ्यात जिवंत प्रकरण मला धर्मशास्त्राचं वाटलं नाही, झाडूचं वाटलं. त्या गावातल्या बायकांच्या लेखी घाण ही नुसती घाण नव्हती, ते अहरिमनचं, दुष्ट शक्तीचं राज्य होतं. कोनाड्यातलं जळमट काढणं म्हणजे त्याच्या राज्याची हद्द चार बोटं मागे हटवणं. दहा दिवसांच्या शेवटच्या रात्री पहाटेच्या अंधारात गच्च्यांवर विस्तव पेटत आणि फ्रवशींना निरोप दिला जाई. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं तर इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात लिहून ठेवलं आहे की इराणी लोक नदीत हातही धूत नाहीत. वाहतं पाणी इतकं पवित्र की त्यात मळ सोडायचा नाही. धुणं असेल तर पाणी काढून घ्यायचं आणि दूर नेऊन धुवायचं. हे वाचल्यावर आपल्या नद्यांच्या घाटावर विसर्जनानंतरची सकाळ डोळ्यापुढे येते आणि गप्प बसावंसं वाटतं.

मुंबईच्या पारशांत फ्रवशींच्या स्वागताची ही परंपरा मुक्ताद नावानं आली. पारशांच्या शहेनशाही पंचांगात लीप वर्षाची सोय नाही, म्हणून त्यांचं नवं वर्ष सरकत सरकत ऑगस्टमध्ये पोचलं. त्याच्या आधीच्या दहा दिवसांत पूर्वी घरातली एक खोली चुना लावून, धुऊन राखून ठेवत. संगमरवरी टेबलावर चांदीच्या किंवा जर्मन सिल्व्हरच्या फुलदाण्या मांडत, एकेक फुलदाणी घरातल्या एकेक गेलेल्या माणसाची. जागा आटल्या, घरं लहान झाली, तशा या फुलदाण्या अग्यारीत गेल्या. मार्चमधला नवरोज पारशी ‘जमशेदी नवरोज’ म्हणून पाळतात आणि इराणी हॉटेलवाल्यांच्या घरी तर तो मोठाच सण. दादाभाई नौरोजींच्या नावात तो इतक्या वर्षांपासून आहे आणि आपण शाळेच्या पुस्तकात तो वाचत आलो, तरी या सणाशी त्याची सांगड आपल्यातल्या फार थोड्यांनी घातली असेल.

आता टाकण्याविषयी. इराणी गल्ल्यांत ‘नमकी’ नावाचा फेरीवाला फिरे, कुठे कुठे अजूनही फिरतो. वाळलेली भाकरी, फुटकं प्लास्टिक, जुनी भांडी द्या आणि मीठ घ्या. पुढे मिठाची जागा प्लास्टिकच्या टोपल्या-बादल्यांनी घेतली. आपल्या बोहारणीचा हा पुरुष भाऊच म्हणायचा. फक्त ती साडीवर वाटी देते आणि हा वाळक्या भाकरीवर मीठ. भाकरी उकिरड्यावर टाकणं इराणात पाप मानतात, म्हणून घराघरात तिची वेगळी पिशवी साठते आणि शेवटी ती गुरांच्या चाऱ्यात जाते.

चहारशंबे सूरीला एक जुनी चाल होती, कूझे-शिकनी, घडा फोडणं. मला ती या सगळ्यात सर्वांत शहाणपणाची वाटते. वर्षभर पाणी भरलेल्या बिनचकाकीच्या मातीच्या घड्यात मिठाचा खडा, कोळशाचा तुकडा आणि एखादं हलकं नाणं टाकायचं. मीठ दृष्टीचं, कोळसा दुर्दैवाचा, नाणं दारिद्र्याचं. घरातला प्रत्येकजण तो घडा डोक्याभोवती फिरवतो आणि शेवटचा माणूस गच्चीवरून रस्त्यात फेकतो. घरातली इडापिडा घड्यात गेली आणि घडा गल्लीत गेला. (गल्लीतल्या लोकांचं काय, असं कुणी विचारत नाही, कारण त्यांचेही घडे त्याच वेळी सुटलेले असतात.) वर्षभरात मातीच्या छिद्रांत शेवाळ आणि घाण साचते, ते भांडं बदलायलाच हवं. पण चांगल्या स्थितीत दिसणारं भांडं फेकायला गृहिणीचा हात धजत नाही. मग त्यात वर्षाची पीडा भरली की हात आपोआप सैल होतो. घर आवरण्याचे धडे देणाऱ्या आजच्या गुरूंना इतकी साधी युक्ती अजून सुचलेली नाही. ते म्हणतात वस्तूचे आभार माना आणि निरोप द्या. इराणी आज्यांनी सांगितलं, तिच्यावर सगळा दोष टाका आणि फेका!

2015 च्या हिवाळ्यात मशहद शहरात कुणीतरी एका भिंतीवर खुंट्या ठोकल्या आणि लिहिलं की नको असेल ते ठेवा, हवं असेल ते न्या. ही ‘दीवार-ए-मेहरबानी’, म्हणजे दयाळूपणाची भिंत, महिन्याभरात देशभर पसरली, मग पाकिस्तानात आणि हिंदुस्थानात आली. महाराष्ट्रात ती ‘माणुसकीची भिंत’ झाली आणि बऱ्याच गावांत ती दिवाळीच्याच तोंडावर उभी राहिली. तिच्या खुंट्यांवर लटकलेल्या कपड्यांपैकी निम्म्यांना बटणं नसतात, हे मात्र दोन्ही देशांत सारखं असावं.

हे सगळं करतं कोण, हा प्रश्न टाळून या सणाबद्दल लिहिता येत नाही. असगर फरहादी यांचा 2006 चा ‘चहारशंबे सूरी’ हा सिनेमा या प्रश्नावरच उभा आहे. रूही ही लग्न ठरलेली गरीब मुलगी. नोकर पुरवणाऱ्या संस्थेमार्फत तिला एका मध्यमवर्गीय फ्लॅटमध्ये दिवसभराच्या सफाईसाठी पाठवतात. घरात फर्निचरवर प्लास्टिक, खिडकीची काच फुटलेली, आणि नवरा-बायकोत संशयाचं विष. नवऱ्याचं शेजारणीशी काही आहे, असं बायकोला वाटतं. रूही काचा पुसते, पण खरी घाण तिच्याच कानांवर पडत राहते, आणि बाहेर फटाके फुटत असतात. या सिनेमात खाने-तकानी पार्श्वभूमीला नाही, मध्यभागी आहे. सणाच्या आदल्या दिवशी कुणाचंही घर बघितलं तर त्या घराचं लपलेलं सगळं बाहेर पडलेलं असतं, गाद्या-बोचक्यांसकट, हे फरहादींना अचूक कळलं होतं.

पैसे देऊन माणूस बोलावणं परवडत नाही त्या घरांत काम बायकोच्या पाठीवर पडतं, आणि पाठ इस्फंदमध्येच धरते. दवाखान्यांत आणखी एक जमात दिसते. इराणात वाइटेक्स हे ब्लीचचं इतकं रूढ नाव आहे, जसं आपल्याकडे कुठलीही धुण्याची पावडर सर्फ. न्हाणीघराचा डाग जात नाही म्हणून वाइटेक्सवर संडास धुण्याचं ॲसिड ओतलं की दोन्ही मिळून क्लोरीन वायू सुटतो, दार लावलेल्या न्हाणीघरात. दरवर्षी या महिन्यात आरोग्य खातं टीव्हीवर सांगतं की मिसळू नका, आणि दरवर्षी कुणीतरी मिसळतं. फडक्याचा महिमा गाताना ही गोष्ट वगळणं बरोबर नाही.

नव्या पिढीतल्या इराणी मुली आता उघड विचारतात की घर वर्षभर नीट ठेवलं तर एकदम झटकायची गरज काय. प्रश्न चोख आहे. कुर्सी गेली, कोळसा गेला, व्हॅक्यूम क्लीनर आला. तरी इस्फंद लागला की त्याच मुली आईला फोन करतात, पडदे कधी काढायचे म्हणून.

अफगाणिस्तानात तालिबाननं 2021 नंतर नौरोजची सरकारी सुट्टी काढून टाकली. 1996 ते 2001 या पहिल्या राजवटीतही सणावर बंदी होती. कारण तेच, गझालीचं. तिकडेही घर झटकण्याला ‘खाना-तकानी’च म्हणतात. ते काम घराच्या भिंतींच्या आत चालतं, आणि भिंतींच्या आतलं काम बायकांचं, असा तालिबानचाच आग्रह.

निघता निघता मी कॅम्पातल्या आजींना विचारलं, दिवाळीलाही तुम्ही घर काढता का?

‘‘मार्चमध्ये आमचा नवरोज म्हणून काढते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दिवाळीत आमची बाई गावी जाते दहा दिवस. जायच्या आधी ती मलाच सांगते, आजी, माळा काढून ठेवा, मी आले की धुते. आली की म्हणते, आता सण होऊन गेला, पुढच्या वर्षी बघू.’’